जातिवंत आणि गावठी : पेडणे-डिचोलीच्या गोधनाची कुळकथा

तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याची चिमुकली वस्ती सोडली, तर तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तर सीमा आहे. दक्षिणेकडे पेडणे महाल, उत्तरेकडे सिंधुदुर्ग जिल्हा. दोन्ही तीरांवर जांभ्या दगडाचे तेच सडे, त्याच भाताच्या मळ्या, तोच चार महिने कोसळणारा पाऊस. आणि सड्यांवर चरणारी, बेताच्या उंचीची, लहान वशिंडाची गायही तीच. शतकानुशतके या गायीला स्वतंत्र नाव नव्हते. दोन्ही तीरांवरचे लोक तिला ‘गावठी’ म्हणत. पुढे २०१८ साली कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘कोकण कपिला’ या नावाने एका गोवंशाची नोंद केली व त्याचा प्रदेश महाराष्ट्र आणि गोवा असा धरला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, जानेवारी २०२० मध्ये, गोव्यातील पांढऱ्याशुभ्र गायींना ‘श्वेत कपिला’ म्हणून निराळी मान्यता मिळाली. ज्या जनावराला पशुवैद्यकाच्या भाषेत ‘अवर्णित’ म्हणत, ते पाहता पाहता दोन नावांचे धनी झाले. या अवधीत गायीच्या रक्तात काहीही पालट झालेला नव्हता. पालट झाला तो कागदावर. जनावर शुद्ध वंशाचे आहे असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा प्रश्न या घटनेने गोमंतकीयांच्या गोठ्यापर्यंत आणून सोडला आहे.

मराठीत या कल्पनेला शब्दांची वाण नाही. घोडा ‘जातिवंत’ असतो, बैल ‘खानदानी’ असतो, बियाणे ‘अस्सल वाणा’चे असते, आणि ‘खाण तशी माती’ या म्हणीने माणसापासून वासरापर्यंत सगळ्यांचा निकाल लागतो. या साऱ्यांच्या विरुद्ध टोकाला ‘गावठी’ हा शब्द उभा आहे. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘गावचा’ एवढाच. त्यात हलकेपणाची छटा केव्हा शिरली हे सांगणे अवघड असले, तरी ती शिरली आहे खरी. गोव्याच्या बाबतीत तर या शब्दव्यवहाराला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज भाषेत ‘कास्ता’ या शब्दाचा अर्थ वंश, वाण, पैदास असा होता आणि तो जनावरांना व झाडांनाही लावला जाई. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनी येथील जातींची व्यवस्था पाहिली आणि तिला हाच शब्द लावला. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या १५६३ सालच्या औषधिविषयक ग्रंथात तो या अर्थाने येतो; १५६७ सालच्या गोव्यातील धर्मपरिषदेच्या ठरावांतही तो आढळतो. पुढे तोच इंग्रजीत व इतर युरोपीय भाषांत रूढ झाला. तबेल्यातला शब्द माणसांच्या वस्तीत शिरल्याचे असे ठसठशीत उदाहरण विरळाच. ज्या समाजाने ‘रक्ताची शुद्धता’ हा माणसांच्याच बाबतीत कायद्याचा विषय करून ठेवला होता, त्याला या शब्दात वावगे दिसले नाही, यातही आश्चर्य नाही.

तबेल्याचा उल्लेख ओघाने आला, पण तो गोव्याच्या इतिहासात ओघाचा नाही. पोर्तुगिजांच्या आधीपासून गोवा हे घोड्यांचे बंदर होते. अरबस्तान व इराणच्या आखातातून येणारे घोडे येथे उतरत आणि घाट चढून बहामनी सुलतानांच्या व विजयनगरच्या लष्करात जात. १४७२ मध्ये महमूद गवानाने गोवा बहामनी राज्याला जोडला आणि १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने तो घेतला. या दोन्ही स्वाऱ्यांमागे घोड्यांच्या व्यापाराचे आकर्षण होते. आल्बुकेर्कने तर हा व्यापार गोव्याच्याच बंदरातून व्हावा असा बंदोबस्त केला. घोड्यांवरील जकात हे गोव्याच्या तिजोरीचे एक मोठे उत्पन्न होते. हा व्यापार इतकी वर्षे चालण्याचे कारण उघड होते. दक्षिणेतील दमट हवेत अरबी घोडे टिकत नसत आणि त्यांची येथे झालेली पैदास राजांच्या मनास येत नसे. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत आलेल्या मार्को पोलोनेही येथे जन्मणारी शिंगरे अशक्त व वाकड्या पायांची निघतात, अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे. जातिवंतपणा एका मुलखातून उचलून दुसऱ्या मुलखात जसाच्या तसा ठेवता येत नाही, हा धडा मांडवीच्या काठाने पैसे मोजून घेतला होता. देशावर मात्र निराळे घडले. भीमेच्या खोऱ्यात अरबी व देशी रक्ताच्या मिश्रणातून ‘भीमथडी’ घोडा तयार झाला, मराठी फौजांनी त्याच्या पाठीवर मुलूखगिरी केली आणि अलीकडे तोही एक स्वतंत्र वंश म्हणून नोंदला गेला. संकरातून जन्मलेला घोडा काही शतकांनी शुद्ध ठरला.

युरोपातील गोष्टही पाहिली तर यापेक्षा फार वेगळी नाही. ‘शुद्ध वंश’ ही आजची कल्पना मुख्यतः दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात आकाराला आली. शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ छापण्यास तेथे १७९१ मध्ये आरंभ झाला. हे घोडे म्हणजे इंग्लंडातील घोड्या आणि पूर्वेकडून आणलेले मोजके नर यांची संतती. तीन आद्य नरांची नावे आजही घेतली जातात. अर्थात त्या वंशाचा पायाच मिश्रणाचा होता. वही उघडली गेली, तिच्यात काही नावे लिहिली गेली आणि मग तिचे दार लावून घेण्यात आले; शुद्धता सुरू झाली ती त्या दिवसापासून. १८२२ मध्ये शॉर्टहॉर्न गायींची अशीच वही निघाली. त्याआधी रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने जवळच्या नात्यातील मेंढ्यांचा संयोग घडवून हवे ते गुण पक्के करण्याची रीत रूढ केली होती. वंशावळीची वही ही त्या रीतीची पुढची पायरी म्हणता येईल.

या परंपरेतील जे जनावर गोव्याच्या परिचयाचे आहे ते म्हणजे जर्सी. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडीत जर्सी नावाचे बेट आहे. विस्ताराने ते पेडणे महालाच्या निम्म्याइतकेच भरेल. १७६३ मध्ये या बेटावर फ्रान्समधून गुरे आणण्यास बंदी झाली, १७८९ मध्ये ती अधिक कडक केली गेली आणि १८६६ मध्ये वंशावळीची वही सुरू झाली. बंदीचे मूळ कारण व्यापारी होते. जर्सीच्या नावाने फ्रान्सची गुरे इंग्लंडात विकली जाऊ नयेत, असा बेटवासीयांचा रोख होता. व्यापाराचे कुंपण पुढे रक्ताचे कुंपण झाले. सव्वादोनशे वर्षांच्या या बंदिस्तपणानंतर २००८ मध्ये बेटाने बाहेरचे वीर्य आत येऊ देण्याचा निर्णय घेतला, कारण जगभर पसरलेली त्यांचीच जर्सी दूधात पुढे निघून गेली होती आणि घरची मागे राहिली होती.

पेडणे-डिचोलीच्या गायीभोवती असे कुंपण कधीच नव्हते. डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. त्याआधी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. नव्या काबिजादींची सीमा कागदावर आखली गेली, तिच्यावर नाकी बसली, पण सोयरिकी, जत्रा आणि गुरे यांचे येणेजाणे मालवणी मुलखाशी चालूच राहिले. डिचोलीची गुरे दोडामार्गाच्या बाजूला, पेडण्याची बांदा-सावंतवाडीकडे, सत्तरीची घाट चढून पलीकडे. १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीने हा व्यवहार आवळला गेला, तो १९६१ च्या मुक्तीपर्यंत. दीडशे-दोनशे वर्षांच्या या राजकीय सीमेने वंश वेगळा होण्यास पुरेसे अंतर निर्माण केले असे मानण्यास आधार नाही.

तरीही या गायीला एक निश्चित ठेवण आली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. तिची घडण तीन गोष्टींनी केली. पहिली हवा आणि चारा. पावसाळ्यात हिरवागार आणि फाल्गुनापासून करपून जाणारा सड्याचा चारा मोठ्या देहाला पोसू शकत नाही. सतत ओल्या मातीत उभे राहायचे तर खूर कणखर हवेत. गोचिडी आणि ज्वर यांना तोंड देणारी कातडी हवी. दुसरी गोष्ट काम. गुडघाभर चिखलाच्या लहान लहान कुणग्यांत वळणारा बैल बुटका व चपळच लागतो. देशावरचा धिप्पाड खिलार तेथे रुतून बसेल. तिसरी गोष्ट माणसाची निवड, आणि तिच्याकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नांगराला लावायचे गोऱ्हे बडवले जात. कोणता गोऱ्हा तसाच ठेवायचा हा निर्णय गोठ्याचा धनी व गुरे राखणारा यांच्यात होई. गावाच्या गुरांचा एकच कळप राखणाऱ्याबरोबर सड्यावर जाई, त्यामुळे एका-दोघा सांडांची संतती सगळ्या वाड्यांत पसरे. जोडीला वृषोत्सर्गाची चाल होती. मृताच्या नावाने किंवा देवाच्या नावाने सोडायचा पोळ अव्यंग असावा, त्याचे लक्षण चांगले असावे, असा संकेत असे. अशा पोळाला कोणी हाकलीत नसे. तो कोणाच्याही शेतात चरे आणि सगळ्या गावाच्या गायींना लागे. धर्माच्या नावाखाली गावाने पोसलेली ही एक पैदास-योजनाच होती. तिची वही नव्हती, पण निवड होती.

इंग्रजी मुलखात १९३० च्या दशकात सरकारी पशुवैद्यकांनी हिंदुस्थानातील गोवंशांची पद्धतशीर वर्णने तयार केली. गीर, ओंगोल, अमृतमहाल, खिलार यांची नावे त्यामुळे ग्रंथगत झाली. पोर्तुगीज अमलातील गोवा त्या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिला हे खरे. परंतु पाहणी झाली असती तरी दोन-अडीच लिटर दूध देणाऱ्या या बुटक्या गायीला तीत मानाचे पान मिळाले असते, असे वाटत नाही. कोकणातल्या तिच्या बहिणींनाही ते मिळाले नव्हते. ‘अवर्णित’ या एका शब्दात देशातील बहुसंख्य गुरे घातली गेली. वर्णन करणाऱ्याने वर्णन केले नाही, यात जनावराचा काय दोष, हा प्रश्न पुढे कैक दशके कोणी विचारला नाही.

मुक्तीनंतर गोव्यात पशुसंवर्धन खात्याचा विस्तार झाला आणि संकराचे धोरण आले. सत्तरीतील कोपर्डे व मोले परिसरातील धाट येथे सरकारी पशुक्षेत्रे उभी राहिली, कृत्रिम रेतनाची केंद्रे निघाली, १९८४ मध्ये सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, संकरित गायी विकत घेण्यासाठी अनुदानाच्या योजना आल्या. या धोरणावर आज टीका करणे सोपे आहे. पण दिवसाला आठ-दहा लिटर दूध देणाऱ्या जर्सी-संकरित गायीने डिचोली-पेडण्याच्या कितीतरी घरांत मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागवला, संघाच्या डेअरीवर सकाळ-संध्याकाळ कळशी घेऊन जाणाऱ्या बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आला. त्यांच्यापुढे वंशशुद्धीचे प्रवचन करणे हा अप्रामाणिकपणा होईल. संकरात चुकले ते एवढेच की, ज्या गायीवर तो केला जात होता तिची मोजदाद, तिची परीक्षा आधी झालीच नाही. केरळात १९६१ च्या कायद्याने गावठी सांड खच्ची करण्यापर्यंत मजल गेली आणि तेथील बुटकी वेचूर गाय जवळजवळ नाहीशी झाली. १९८९ मध्ये कृषी विद्यापीठातील डॉ. सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून तिची उरलीसुरली जनावरे गोळा केली. ती पंचवीसही भरली नाहीत. त्या मूठभर गायींपासून तो वंश पुन्हा उभा राहिला. गोव्यात सक्तीचा मार्ग अवलंबला गेला नाही, हे येथील गायीचे भाग्य.

तिचे खरे नुकसान दुसऱ्याच दिशेने झाले. डिचोलीच्या डोंगरांतील लोहखनिज दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी जाऊ लागले आणि पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत चराईच्या टेकड्या खोदल्या गेल्या, खाणींतला गाळ पावसाबरोबर शेतांत उतरला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा अनेक गावांत कळपही उरला नव्हता आणि राखणाराही. पेडण्यात मोपाचा विस्तीर्ण सडा हा धनगर कुटुंबांच्या व आसपासच्या गावांच्या गुरांचा चराईचा मुलूख होता. तेथे डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. शेतात पॉवर टिलर आला तसा बैलाचा उपयोग संपला. ज्या कामाने या वंशाची ठेवण घडवली तेच काम नाहीसे झाले, मग गोऱ्हे मोकळे सुटले आणि रस्त्यांवर बसू लागले. म्हापशाहून डिचोलीकडे जाताना रात्री मोटारीच्या दिव्यांत जी पांढरी गुरे डांबरावर रवंथ करताना दिसतात, त्यांत काही राष्ट्रीय मान्यता पावलेल्या वंशाची असतात हे वाहन चालवणाऱ्याच्या गावीही नसते.

अशा वेळी ‘श्वेत कपिला’ची नोंद झाली. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने तिचा अभ्यास करून प्रस्ताव मांडला होता. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, पापण्यांच्या केसांसकट पांढरी; सरळ चेहरा, लहान वशिंड, दिवसाचे सरासरी दूध पावणेतीन लिटरच्या आसपास, असे तिचे वर्णन आहे. त्याआधी काणकोणातील आगोंद गावाच्या नावाने गोव्याच्या काळ्या गावठी डुकराचीही नोंद झाली होती. ब्यूरो प्रत्येक मान्य वंशाला एक दाखल क्रमांक देतो. ग्रंथालयात नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पडतो तसाच. त्यासाठी शुद्ध रक्ताचा दाखला मागितला जात नाही. जनावरांचा पुरेसा मोठा समूह असावा, त्यांत सारखेपणा असावा, इतर वंशांहून तो ओळखता येईल असा वेगळा असावा, आणि आपसांतील पैदाशीत ते गुण पुढे उतरत असावेत, एवढीच अपेक्षा असते. शास्त्राच्या लेखी शुद्धता म्हणजे हेच : सारखेपणा आणि सातत्य. अनादि, अस्पर्श रक्त ही कवींची व जाहिरातदारांची कल्पना.

नावाची गंमतही नोंदण्यासारखी आहे. संस्कृतात ‘कपिल’ म्हणजे पिंगट, तांबूस. त्या अर्थाने ‘श्वेत कपिला’ हे ‘पांढरी तांबडी’ म्हणण्यासारखे होईल. परंतु लोकव्यवहारात कपिला म्हणजे एकरंगी, डाग नसलेली, पूजेला योग्य अशी गाय; दुर्मीळ योगाला ‘कपिलाषष्ठी’ म्हणण्यातही शब्दाचे हेच पावित्र्य आहे. नाव ठरवणाऱ्यांनी कोशापेक्षा लोकांचे ऐकले, हे बरेच झाले.

पेच निर्माण होतो तो रंगापाशी. कोकण कपिलेच्या वर्णनात तांबडा, काळा, पांढरा, करडा असे अनेक रंग सामावले आहेत. श्वेत कपिला मात्र पांढरीच. गावच्या कळपात या साऱ्या जणी एकाच सांडाच्या लेकी असू शकतात. पांढरी निवडून पांढऱ्याशीच जुळवत गेल्यास काही पिढ्यांत रंग पक्का होईल, पण कळपाची सोंगटी बरीच लहान होईल; आणि लहान कळपात जवळच्या नात्यांतील संयोग वाढून वांझपणा, दुबळी वासरे असे दोष डोके वर काढतात, हा जगभरच्या बंद वह्यांचा अनुभव आहे. चिखलात टिकणारा खूर, गोचिडींना दाद न देणारी कातडी, सुक्या चाऱ्यावर निभावणारे पोट हे या गायीचे धन. ते पांढऱ्या केसांशी बांधलेले नाही. तांबड्या बहिणीकडेही ते आहे. नोंदीमुळे एका रंगाला अनुदान, उत्तम सांडाचे वीर्य आणि ‘देशी’ दुधाचा वाढीव भाव मिळू लागला, तर दुसऱ्या रंगाची गाय त्याच दावणीला बांधलेली असून परकी ठरेल. ज्या मुलखाने ‘कास्ता’ या शब्दाचा तबेल्यापासून देवळाच्या उंबरठ्यापर्यंतचा प्रवास पाहिला, त्याला या धोक्याची जाणीव इतरांपेक्षा लवकर व्हावयास हवी.

याचा अर्थ नोंद व्यर्थ आहे असा नव्हे. नाव नसलेल्या वस्तूचे रक्षण सरकार दरबारी होत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनसारख्या योजनांत पैसा वंशाच्या नावाने येतो. ‘गावठी’ या शीर्षाखाली तो येत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेच्या वेळी श्वेत कपिला हे नाव यादीतच नव्हते, त्यामुळे त्या गणनेत या गायी निनावी गर्दीत मोजल्या गेल्या. एकविसाव्या पशुगणनेचा आरंभ २५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला, तेव्हा गणकाच्या हातातील यादीत देशभरातील दोनशेहून अधिक वंशांची नावे होती. पेडण्याच्या एखाद्या गोठ्यात पांढरी गाय, तिचे तांबडे वासरू आणि तिची काळी बहीण यांची पाहणी करताना गणकाला प्रत्येकीपुढे एक वंश लिहावा लागतो. पांढरीचे काम सोपे. तांबड्या वासराला कोकण कपिला म्हणावे, तर त्याची आई श्वेत कपिला; आणि काळीपुढे काही न सुचल्यास यादीच्या तळाशी ‘अवर्णित’ हा रकाना अजून शाबूत आहे.